आधी उपचार, मग माळ

मी व्यवसायाने तबलावादक आहे. सुगम संगीताचे कार्यक्रम, वाद्यवृंद, अधूनमधून नाट्यसंगीताच्या मैफली आणि लहानपणापासून गावाकडच्या भजनात पखवाज, असे माझे वाजवणे आहे. मे २०२२ पासून पुढची दोन वर्षे मी दारूच्या व्यसनातून बाहेर पडण्याच्या ज्या प्रक्रियेतून गेलो ती क्रमाने लिहून ठेवावी असे बरेच दिवस मनात होते, कारण सुरुवातीला कोणत्या खिडकीवर जायचे, कोणता कागद लागतो, किती पैसे बाजूला ठेवायचे आणि देवाचा यात नेमका कुठे संबंध येतो, हे सांगणारे मला कोणी भेटले नव्हते. शेवटच्या प्रश्नाचे माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. दारू सोडण्यासाठी तुळशीची माळ घालण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे आणि ती मला पूज्य आहे. पण ज्याचे हात सकाळी उठल्यावर थरथरतात त्याने माळेआधी डॉक्टर गाठला पाहिजे.

व्यसन कसे लागले यावर फार लिहीत नाही, आमच्या क्षेत्रात ती गोष्ट बहुतेकांची सारखीच असते. नाईट, म्हणजे रात्रीचा कार्यक्रम, मध्यरात्री संपते, बस पहाटे निघते, वाजवण्याची धुंदी अंगात तशीच असते आणि झोप यावी म्हणून बाटली उघडली जाते. माझी झोपेसाठीची दारू हळूहळू वाजवण्याआधीची झाली. मार्च २०२० मध्ये कार्यक्रम बंद पडले तेव्हा पिण्याला वेळेचे बंधनही उरले नाही, आणि एप्रिल २०२२ मध्ये निर्बंध उठून तारखा पुन्हा येऊ लागल्या तेव्हा सकाळी घोटभर घेतल्याशिवाय मला तबला सुरात लावता येत नव्हता. काळी दोन या सुराला लावताना लाकडी गट्ट्यावर बसायची ती हातोडी चामड्याच्या वादीवर घसरायची, पुडीच्या काठाच्या गजऱ्यावरचा ठोका नको तिथे पडून एका बाजूचा सूर चढायचा आणि समोरचा उतरायचा. हार्मोनियमवाला सूर धरून थांबलेला असायचा आणि मी थरथर लपवण्यासाठी बोटांना पावडर चोळत बसायचो.

अक्षय तृतीयेला, म्हणजे ३ मे २०२२ रोजी, मी आमच्या गावच्या दिंडीच्या विणेकरी बुवांकडे माळ मागायला गेलो. याच दिंडीत माझे आजोबा पखवाज वाजवत, त्यामुळे बुवा मला पोरवयापासून ओळखतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सकाळी हात थरथरतात का रे तुझे?" मी हो म्हटले. "मग आज माळ नाही. आधी दवाखाना. माळ कुठं पळून जात नाही." पूर्वी एकाने माळ घालून घरातच स्वतःला कोंडून घेतले होते आणि दुसऱ्या दिवशी त्याला फिट येऊन तो उंबऱ्यावर कोसळला होता, तो प्रसंग त्यांनी स्वतः पाहिला होता. माळ नाकारली गेली याचे तेव्हा मला अतिशय वाईट वाटले. देवानेही दार लावून घेतले असे वाटत मी एसटीने परतलो.

त्याच आठवड्यात मी पत्नीबरोबर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलो. केसपेपर काढून नंबर लागेपर्यंत दुपार झाली. तिथे जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली दहा प्रश्नांची एक प्रश्नावली विचारतात. तिचे गुण शून्य ते चाळीस असतात आणि वीस किंवा त्याहून अधिक गुण आले की दारूवर शरीर अवलंबून असण्याची शक्यता धरून पुढची तपासणी होते. माझे गुण त्या रेषेच्या बरेच वर होते. डॉक्टरांनी जे समजावले ते मी आज प्रत्येकाला सांगतो. वर्षानुवर्षे दारूने दाबून ठेवलेला मेंदू दारू अचानक बंद झाली की उसळतो. शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि काहींना साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम, ताप आणि टोकाचा गोंधळ अशी अवस्था येते, जी वेळेवर उपचार न झाल्यास जिवावर बेतते. म्हणून दाखल होईपर्यंत घरच्या घरी एकदम बंद करू नका, असे त्यांनी बजावले. मी शपथ घेऊन दारू तोडण्याच्या तयारीने गेलो होतो, त्यामुळे डॉक्टरांच्या तोंडून हे ऐकणे पचायला जड गेले. रक्ताच्या, यकृताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी बाहेरून करून घ्याव्या लागल्या, त्यांना जवळपास २,८०० रुपये लागले. यकृतावर चरबी होती आणि ते सुजलेले होते, पण परत फिरता येण्याजोगे होते.

पुढचा महिना केंद्र शोधण्यात गेला, आणि हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे. व्यसनमुक्ती केंद्र असा फलक कोणीही लावू शकतो. आत काय चालते हे कागदावरून कळते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, जो २९ मे २०१८ पासून लागू आहे, तो दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांनाही लागू होतो. त्यामुळे केंद्राकडे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडील नोंदणीचे प्रमाणपत्र आहे का हे आम्ही प्रत्येक ठिकाणी विचारले. एका ठिकाणी प्रमाणपत्र दाखवायला टाळाटाळ झाली, आणि तुम्ही फक्त पत्ता द्या, आमची माणसे गाडी घेऊन येऊन उचलतील, असे पत्नीला सांगण्यात आले. आम्ही तिथून निघालो. रुग्णाला साखळीने बांधण्यास या कायद्याच्या कलम ९५ने पूर्ण मनाई आहे, हे कुटुंबीयांना माहीत असले पाहिजे. जबरदस्तीने दारू सुटते असे मानणारी माणसे मला नंतरही भेटली आणि त्यांच्याशी मी प्रत्येक वेळी वाद घातला आहे. केंद्रात मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात, रात्री डॉक्टर कोण असतो, घरच्यांशी फोनवर बोलू देतात का आणि स्वतःहून दाखल झालेल्याला स्वतःहून बाहेर पडता येते का, एवढे विचारले तरी बरेच काही कळते. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची १४४४६ ही मोफत मदतवाहिनी आहे; सरकारी अनुदानावर चालणाऱ्या, विनाशुल्क उपचार देणाऱ्या केंद्रांची चौकशी तिथे करता येते. आमच्या जवळच्या अशा केंद्रात खाट रिकामी नव्हती, आणि थांबण्याइतका धीर आम्हा दोघांनाही उरला नव्हता.

आरोग्य विम्याचे पैसे मिळतील अशी आशा होती, कारण मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यावा असे याच कायद्याचे कलम २१ सांगते. प्रत्यक्षात पॉलिसीच्या मागच्या पानांवर वगळलेल्या बाबींमध्ये बारावा क्रमांक व्यसनावरील उपचार आणि त्याच्या परिणामांचा होता, आणि दावा त्यावरच नाकारला गेला. तुमची पॉलिसी दाखल होण्याआधी तपासा, म्हणजे ऐन वेळी धावपळ होत नाही. आम्ही पतसंस्थेतून ६०,००० रुपयांचे कर्ज काढले. माझ्याबरोबर बरीच वर्षे वाजवणारा हार्मोनियमवादक जामीनदार म्हणून उभा राहिला. कर्ज कशासाठी आहे हे त्याला सांगताना माझी मान वर होत नव्हती, आणि त्याने एकही प्रश्न न विचारता सही केली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी आधी रुग्णालयात आणि तिथून केंद्रात दाखल झालो. आधार कार्ड, फोटो, तपासण्यांचे अहवाल आणि चालू औषधांची यादी एवढे लागले. माझा प्रवेश कलम ८६ खाली, म्हणजे स्वतःच्या संमतीने, झाला. असा रुग्ण जायचे म्हणाला तर त्याला सोडावे लागते. डॉक्टरांना गंभीर धोका वाटला तर ते पुढील तपासणीसाठी फार तर चोवीस तास थांबवू शकतात. स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलेल्यासाठी कलम ८९ची वेगळी तरतूद आहे आणि तिथे दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासणे बंधनकारक आहे. नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत रुग्णाची बाजू पाहणारी व्यक्ती, म्हणून मी पत्नीचे नाव लिहिले. बाहेर जाण्याचा हक्क कागदावर माझ्याकडे आहे या जाणिवेने मला आत राहण्याचे बळ दिले, हे मी आवर्जून नोंदवतो.

रुग्णालयातले पहिले दिवस थायमिन या जीवनसत्त्वाची इंजेक्शने आणि दारू तुटताना होणारा त्रास आवरणाऱ्या क्लोरडायझेपॉक्साइडच्या गोळ्यांवर गेले. गोळ्यांची मात्रा रोज थोडी कमी करत पूर्ण थांबवतात. जनरल वॉर्डचे बिल औषधांसह १९,००० रुपयांच्या आसपास झाले. एका रात्रीचा प्रसंग मात्र लिहिला पाहिजे. खाटेशेजारच्या भिंतीतून मला तीनतालाचा लेहरा, म्हणजे तबल्याला लय धरून देणारी फिरती धून, ऐकू येऊ लागला. हार्मोनियमचा सूर, सोळा मात्रांचे आवर्तन, सगळे स्वच्छ ऐकू येत होते आणि माझी बोटे चादरीवर ठेका धरत होती. पण सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येण्याच्या नेमक्या आधी लेहरा तुटायचा आणि पुन्हा मधूनच सुरू व्हायचा. समेवर यायला मिळत नाही म्हणून मी रडत होतो. रात्रपाळीच्या सिस्टरांनी नाडी आणि रक्तदाब तपासून डॉक्टरांना बोलावले, औषध वाढवले गेले आणि पहाटे मला झोप लागली. घरी असतो तर त्या रात्री मी देवाचा संकेत समजून भिंतीशी बोलत बसलो असतो.

केंद्राचे शुल्क महिन्याला १८,००० रुपये होते, औषधे आणि अनामत वेगळी. सकाळी व्यायाम, गटचर्चा, समुपदेशन, दुपारी लेखन, संध्याकाळी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या धर्तीवरची मीटिंग असा दिनक्रम होता. अमेरिकेत १९३५ मध्ये दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झालेल्या या चळवळीत बारा पायऱ्या आहेत. दुसरी पायरी आपल्याहून मोठ्या शक्तीवर विश्वास ठेवण्याची आहे आणि तिसरी, प्रत्येकाला जसा उमगेल तशा परमेश्वरावर आपले जीवन सोपवण्याची. मला वाटले होते की या दोन पायऱ्या मी चुटकीसरशी चढेन. आमच्या घरात विठ्ठल आहे, हरिपाठ मला तोंडपाठ आहे, देवाशी माझे भांडण कधीच नव्हते. समुपदेशकांनी मला लिहायला सांगितले की आजवर देवाकडे काय काय मागितले. ती यादी लिहिताना लक्षात आले की मी आयुष्यभर नवसच बोलत आलो होतो: अमुक कार्यक्रम मिळू दे, मी महिनाभर पिणार नाही, मुलीचा ताप उतरू दे, मी एकादशी धरीन. प्रत्येक नवसात अटी माझ्या होत्या, मुदत माझी होती, आणि सोपवणे त्यात कुठेच नव्हते.

या टप्प्यावर मी बरेच दिवस अडलो, आणि त्यातून मला माझ्याच धंद्याने बाहेर काढले. साथीला बसलेल्या तबलावादकाने लय ठरवायची नसते. गायक जी लय धरतो ती ऐकायची, सांभाळायची, आणि त्याने दिलेल्या जागेतच काय ते वाजवायचे. मी उत्तम साथीदार समजला जात होतो, पण जगण्यात मात्र प्रत्येक मैफल मीच चालवायला निघालो होतो. तिसरी पायरी माझ्यासाठी इतकी साधी झाली: आजच्या दिवसाची लय माझी नाही, ती ऐकायची आहे. माझ्याच गटात देव न मानणारे एक शिक्षक होते. त्यांनी गटालाच आपल्याहून मोठी शक्ती मानले आणि त्यांचे काम कुठेही अडले नाही. श्रद्धा नसेल तर या वाटेने जाता येत नाही असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही.

त्या वर्षी दोन वर्षांच्या खंडानंतर पायी वारी पुन्हा निघाली होती. २१ जूनला आळंदीहून माउलींची पालखी निघाली ती आम्ही केंद्राच्या टीव्हीवर पाहिली. १० जुलैला आषाढी एकादशीच्या संध्याकाळी आम्ही हरिपाठ केला आणि मी केंद्रातला जुना पखवाज मांडीवर घेतला. डाव्या तोंडाला लावायची कणीक भिजवताना हात स्थिर आहेत हे मला आधी जाणवलेच नाही. ती गोल थापून, कडा ओल्या बोटाने बसवून पहिली थाप मारली आणि खर्ज हवा तसा आला तेव्हा पत्नीला फोन करून सांगावेसे वाटले. वाजवताना मात्र लय सारखी पुढे पळत होती. दारूने वाजवण्यात रंग येतो असे मी वर्षानुवर्षे मानत आलो होतो. पुढे घरी येऊन जुनी ध्वनिमुद्रणे ऐकली तेव्हा उत्तरार्धातले ठेके जड आणि ओढल्यासारखे आहेत हे कोणत्याही विद्यार्थ्याला कळेल इतके उघड होते.

केंद्रातून ऑगस्टमध्ये घरी आलो तेव्हा डॉक्टरांनी माझी लेखी संमती घेऊन डायसल्फिराम सुरू केले. ही गोळी घेतलेली असताना दारू पोटात गेली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात आणि प्रसंगी जीव धोक्यात येतो. म्हणून ती कोणालाही नकळत जेवणातून कधीच देऊ नये. काही कुटुंबे असे करतात आणि ते अत्यंत धोक्याचे आहे. मी रोज सकाळी पत्नीसमोर गोळी घेत असे, ही व्यवस्था मीच मागून घेतली होती. खोकल्याची काही औषधे, दाढीनंतरचे लोशन, होमिओपॅथीचे अर्क यांत अल्कोहोल असते. आपल्या घराघरांत असणारी आसवे आणि अरिष्टेही त्यातच येतात, हे माझ्या आईला पटवायला वेळ लागला. ठरावीक काळाने यकृताची तपासणी करावी लागते. मी खिशात औषधाच्या नावाची चिठ्ठी ठेवत होतो, म्हणजे प्रवासात काही झाले तर समोरच्या डॉक्टरला कळावे.

३१ ऑगस्टला गणपती बसले. वर्षाची निम्मी कमाई या दिवसांत होते आणि निर्बंधांनंतरचा तो पहिलाच मोकळा उत्सव होता, तरी डॉक्टर आणि मीटिंगमधले माझे स्पॉन्सर, म्हणजे मला वाट दाखवणारे जुने सदस्य, या दोघांच्या सल्ल्याने मी कार्यक्रमाची एकही सुपारी घेतली नाही. घरात पैशाची ओढाताण झाली आणि काही आयोजकांनी नंतर बोलावणे बंद केले. आठवड्यातून तीन संध्याकाळी मीटिंगला जात होतो. तिथे शुल्क नाही, नोंदणी नाही. शेवटी फिरणाऱ्या पाकिटात ऐच्छिक वर्गणी टाकायची. पत्नी मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी असलेल्या अल्-अॅनॉनच्या बैठकांना जाऊ लागली, आणि माझ्या मते घरातली खरी शांतता तिथून आली.

वाजवणे परत येणे मात्र फार संथ होते. बोटांच्या टोकांना मुंग्या येत. दारूमुळे आणि जीवनसत्त्वांच्या अभावामुळे नसांवर परिणाम झाला होता आणि सुधारणा महिन्यांच्या हिशेबाने होईल असे डॉक्टरांनी सांगितले. मी विलंबित लयीत 'तिरकिट' एवढेच घेऊन बसत असे, अनामिका आणि मधले बोट शाईवर, म्हणजे पुडीच्या काळ्या भागावर, नेमके कुठे पडते ते पाहत. मार्च २०२३ मध्ये डग्ग्यावरची घिस्सा, म्हणजे तळहात घासून काढलेला घुमारा, पुन्हा गोल येऊ लागली आणि मी भावगीतांच्या एका छोट्या कार्यक्रमाला बसलो. आयोजकांना आधीच सांगितले की मानधन बँकेत जमा करा आणि कार्यक्रम संपताच मी निघेन. परतीला स्वतंत्र गाडी ठरवायची, हा खर्च मी अजूनही करतो. बसमधली मागची बाके मला टाळायची असतात.

डिसेंबर २०२३ मध्ये, कार्तिक वद्य एकादशीच्या सोहळ्यात, आळंदीत बुवांनी माझ्या गळ्यात माळ घातली. मद्य-मांस वर्ज्य, एकादशी, रोज हरिपाठ आणि वर्षाची वारी, एवढे नियम त्यांनी इंद्रायणीच्या काठी उभे राहून सांगितले. पैसे म्हणाल तर माळेचे तेवढे लागले. माळेने माझी दारू सोडवली असे मी म्हणत नाही. ती सोडवली औषधांनी, डॉक्टरांनी आणि मीटिंगमधल्या माणसांनी. पण मोकळ्या झालेल्या संध्याकाळी कशाने भराव्यात हे त्यांपैकी कोणी सांगू शकत नव्हते, आणि ते मला माळेने दिले. ज्यांनी मला आधी नाही म्हटले त्यांच्याच हातून ती मिळाली, याचे मोल मला फार वाटते.

जानेवारी २०२४ मध्ये डॉक्टरांनी डायसल्फिराम थांबवले. त्या वर्षी २९ जूनला पालखीचे प्रस्थान झाले आणि मी आमच्या दिंडीत पखवाज घेऊन चाललो. दिंडीची भिशी, म्हणजे वाटेच्या खर्चाची वर्गणी, २,५०० रुपये होती, तीत दोन वेळचे जेवण आणि तंबू आला. वाटेत मुक्कामाच्या गावातल्या मीटिंगची ठिकाणे स्पॉन्सरांनी आधीच लिहून दिली होती, आणि ज्या गावात ती नव्हती तिथे रात्री फोनवर बोलणे ठरले होते. दिवेघाट चढताना पखवाजाचा पट्टा खांद्याला काचतो, म्हणून जाड कापडाची घडी जवळ ठेवावी. कणकेसाठी पीठ दिंडीच्या कोठीतून मिळते, पण पावसात ती लवकर सुटते, तेव्हा थोडे सुके पीठ पिशवीत बांधून घ्यावे. १७ जुलैला, आषाढी एकादशीला, मी पंढरपुरात होतो. पतसंस्थेचा शेवटचा हप्ता त्याच महिन्यात फिटला. जामीनदार राहिलेल्या त्या हार्मोनियमवादकाबरोबर मी आता पुन्हा नियमित वाजवतो, गुरुवारच्या मीटिंगला जातो आणि यकृताची तपासणी वर्षातून एकदा करून घेतो.